आर्डिसचा ठिपका

शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या बाईनं पुढं काय करावं, याबद्दल आमच्या गावाचं मत अगदी ठाम आहे. चर्चच्या तळघरात बसून चार जणींबरोबर गोधड्या शिवाव्यात, कुणाकडे मयत झालं तर बटाट्याचं भांडं करून न्यावं आणि उरलेल्या वेळात गुडघ्यांबद्दल बोलावं. आर्डिस उनरूनं यातलं काही म्हणजे काही केलं नाही. एप्रिल लागला की ती आपली निळी गाडी अंगणात काढायची, काचा घासूनपुसून लख्ख करायची, थर्मासात कॉफी भरायची, सूर्यफुलाच्या बियांची पिशवी शेजारच्या सीटवर टाकायची आणि आभाळात जिकडं काळं दिसेल तिकडं निघायची. सायरन वाजला की शहाणी माणसं तळघरात उतरतात. ही बया त्याच वेळी टॉर्नेडोच्या दिशेनं गाडी हाकायची. बाईचं डोकं फिरलंय, असं सगळे म्हणत. पण तळघरात उतरून दार लावलं की पहिला प्रश्न तोच असे, आर्डिस कुठाय, ती काय म्हणतेय. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

हे वेड तिचं एकटीचं नव्हतं, भावाचंही होतं. एल्डन तिच्याहून सात वर्षांनी मोठा, गावातल्या धान्याच्या कोठारावर कामाला होता. दोघांनीही लग्न केलं नाही. बापाच्या घरातच राहिली, एकमेकांवर खेकसत, एकमेकांचं उष्टं खात. वसंतात कोठारावरची सुट्टी झाली की एल्डन ट्रक घेऊन शाळेच्या दाराशी उभा राहायचा, आर्डिस बस लावून येऊन त्यात बसायची आणि दोघं निघायची. गाडी तो चालवायचा, आभाळ ती वाचायची. ढगाची सोंड खाली उतरलेली दिसली की हवामान खात्याच्या, म्हणजे वेदरवाल्यांच्या ऑफिसला फोन करायचा, जागा सांगायची, मगच बाकीचं. त्या फोनवर पुढच्या गावांचे सायरन वाजतात. म्हणजे नुसती हौस नव्हती हो ती, त्यात लोकांचा जीव होता.

एल्डनचा नियम एकच. वादळ आमच्याकडे ईशान्येला सरकतं, तेव्हा आपण कायम त्याच्या दक्षिणेला राहायचं. पळायची वाट दक्षिणेला. आभाळ बघत आर्डिसचं भान हरपलं आणि ती म्हणाली की थोडं पुढं घे ना, तर तो गुरकावायचा, "दक्षिण." ती वैतागायची, म्हणायची, "म्हाताऱ्या, तुला दुसरा शब्द येतो का?" सोंड बघायला मिळाली त्या दिवशी परतताना कुठल्याही गावात थांबून स्टेक खायचा, हा वादळामागं जाणाऱ्या सगळ्यांचाच रिवाज. ती दोघं एकच मागवायची, मोठा, आणि मधोमध कापून घ्यायची. चरबीची कड एल्डनची.

मग एका हिवाळ्यात एल्डनला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. म्हणजे पूर्ण गेली असती तर बरं, असं कधी कधी आर्डिसला वाटायचं. एक शब्द राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कुणाची शिवी राहते, कुणाचं प्रार्थनेतलं एखादं पद राहतं. एल्डनचा राहिला "दक्षिण". भूक लागली, दक्षिण. मीठ दे, दक्षिण. खिडकी लाव, झोप आली, बरं वाटत नाही, सगळ्याला दक्षिण. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आर्डिस हसली आणि लगेच न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. पुढं तिला त्या एका शब्दाचे सगळे सूर कळायला लागले. कॉफी गार झाल्याचा दक्षिण वेगळा आणि तू आलीस बरं झालं याचा वेगळा.

त्या वसंतात ती गेली नाही. दुसऱ्या वसंतात एल्डननंच डाव्या हातानं गाडीची किल्ली तिच्या पुढ्यात सरकवली. तो येऊ शकत नव्हता, पण त्याच्यापुढं ठिपका होता.

हा ठिपका म्हणजे असं. वादळामागं जाणारे जेवढे म्हणून आहेत, त्यांची जागा इंटरनेटवरच्या एका नकाशावर दिसते. ज्याचा त्याचा एक ठिपका, गाडी हलली की ठिपका हलतो. ठिपक्यावर बोट ठेवलं की नाव येतं आणि फोन नंबर येतो. नंबर का, तर वेदरवाल्यांना उलट फोन करून विचारता यावं, काय दिसतंय, नक्की कुठं दिसतंय. एल्डन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून टॅब्लेटवर तो ठिपका बघायचा. आर्डिस निघाली की तो बसायचा आणि ती घरी येईपर्यंत उठायचा नाही. शेजारची मर्ना त्याच्या सोबतीला यायची, ती सांगायची की तो ओठ हलवतो, मान वळवतो, वळणावर खांदा झुकवतो. गाडीच चालवत असायचा तो. आर्डिसनं त्याला शब्द दिला होता, काहीही झालं तरी ठिपका बंद करणार नाही. तिला ठाऊक होतं, ठिपका विझला तर एल्डन काय समजेल. विचारायला त्याच्याजवळ तोंड नव्हतं.

आणि नेमकं त्या ठिपक्यालाच माश्या लागल्या.

टीव्हीवाल्यांना कुणी तरी हा नकाशा दाखवला. झालं! नकाशावर वादळ लाल झालं की त्यांच्या ऑफिसात एखादं पोरगं किंवा पोरगी बसायची, लालच्या सगळ्यात जवळचा ठिपका शोधायची आणि नंबर फिरवायची. मॅडम, तुम्ही तिथं आहात का. मॅडम, आत्ता लगेच थेट बोलाल का. व्हिडिओ आहे का, घरं पडलीत का, कुणी मेलंय का. एकाचा ठेवावा तो दुसऱ्याचा. अटलांटातून, न्यूयॉर्कमधून, एकदा तर चक्क लंडनहून. बिचारी एका हातानं चिखलात गाडी सांभाळतेय, डोळे आभाळात, आणि कानाशी ही भुणभुण. तुम्ही म्हणाल, उचलू नये. पण वेदरवाल्यांचा फोन येतो तोही नावाशिवाय, नुसता अनोळखी. न उचलावा तर गाव मरतं, उचलावा तर कोर्टनी.

कोर्टनी ही त्यातली सगळ्यात चिवट. आवाज गोड, मुलगी कामसू, दर वेळी विचारणार, "मिस उनरू, आज कशा आहात?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं जाणार. आर्डिसनं तिला सरळ सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर चुकीचा नंबर म्हणून जर्मनमध्ये बोलून पाहिलं. कोर्टनीनं जर्मन येणाऱ्या मुलाला फोन दिला. आता बोला!

आणखी एक दुखणं होतं, ते बाहेरच्यांच्या लक्षात यायचं नाही. फोन आणि नकाशा एकाच यंत्रात. फोन वाजला की नकाशा झाकला जातो. वादळ कुठं आहे आणि रस्ता कुठं वळतोय ते नेमक्या वेळी दिसेनासं होतं आणि तिथं हिरवी नि लाल बटणं उगवतात.

त्या मे महिन्यातल्या दिवशी मर्ना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी विचिटाला गेली होती. आर्डिस म्हणाली, आज नाही जात मी. एल्डननं हात झटकला, जा म्हणून. फ्रिजमध्ये बिअरॉक होते, कोबी आणि खिमा भरलेले ते पाव त्याला एका हातानं खाता येत. तिनं चार गरम करून फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवले, टॅब्लेट त्याच्यापुढं उभा केला, घरचा फोन त्याच्या डाव्या हाताशी सरकवला.

"दक्षिण," एल्डन म्हणाला. हा सांभाळून जा याचा.

"बरं बाबा, दक्षिण," ती म्हणाली आणि निघाली.

दुपार कलल्यावर मेडिसिन लॉज गावाच्या पलीकडं, लाल टेकड्यांच्या मुलखात, वादळ उठलं. तिथं रस्ते थोडे, गुरांच्या कुंपणांमधून जाणारे, लाल मातीचे. कोरडे असताना सिमेंटसारखे टणक, भिजले की लोण्यासारखे. बाकीचे सगळे डांबरी रस्त्यावरच थांबले. आर्डिसला ते रस्ते पाठ होते, ती आत घुसली, त्यामुळं सगळ्यात जवळचा ठिपका तिचा. ढगाचा तळ खाली आला, गरगर फिरायला लागला, आणि तिनं वेदरवाल्यांना कळवलं. तिचं सांगणं ऐकून सायरन वाजले. इथवर सगळं बयाजवार झालं.

मग फोन सुरू झाले. एक घेतला, टीव्ही. दुसरा घेतला, टीव्ही. तिसऱ्याला कोर्टनी, मिस उनरू, आज कशा आहात. आर्डिसनं ठेवला. तिला आता डांबरी रस्त्यावर दक्षिणेला वळायचं होतं, वळण टेकडीआड होतं, ती नकाशात बघून अंतर मोजत होती. पुन्हा फोन. नकाशा गेला. तिनं बोटानं तो घालवेपर्यंत पुन्हा वाजला. पडदा मोकळा झाला तेव्हा वळण मागं राहिलं होतं. मागं फिरावं तर सोंड त्या वळणाकडंच येत होती. पुढं रस्ता नुसता पूर्वेला, लाल मातीचा, आणि काचेवर पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा आर्डिस उनरू वादळाच्या वाटेच्या उत्तरेला होती.

पुन्हा फोन वाजला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं काही विचार केला नाही. नकाशा उघडला, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि ठिपका बंद केला. बसा बोंबलत. आणि खरंच, चार पावलं गाडी गेली असेल नसेल, फोन थंड पडला. गाडीत फक्त वायपरचा आवाज. किती बरं वाटलं तिला! आणि त्या बरं वाटण्यातच एकदम तिला आठवलं. एल्डन.

तिनं घरी फोन लावला. एंगेज. एल्डनला कोण फोन करणार? पुन्हा लावला, एंगेज. मग नकाशा उघडून ठिपका चालू करायला गेली, तेवढ्यात मागची चाकं सरकली, गाडी आडवी झाली आणि अलगद, जणू कुणी हातानं ठेवावी तशी, खड्ड्यात जाऊन बसली. फोन सीटखाली गेला. तो हाती लागला तेव्हा त्यावर नेटवर्कची एक रेघही उरली नव्हती. कुठला तरी मनोरा वाऱ्यानं झोपवला होता.

सोंड तिच्या दक्षिणेकडून येऊन पुढं रस्ता ओलांडून गेली. कुंपणाचे खांब एकामागून एक उपटले जाताना तिनं पाहिले. एवढ्या वर्षांत इतक्या जवळून पाहिली नव्हती, आणि पुढं कुणी विचारलं की कशी होती, तर तिला सांगता यायचं नाही. ती त्या वेळी आपला बोटभर फोन खिडकीबाहेर उंच धरून बसली होती. ओरडत होती, "लाग रे, लाग." तिथं ऐकायला दूरवर एक गायही नव्हती.

एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरनं गाडी बाहेर काढली तोवर उन्हं तिरपी झाली होती. डांबरी रस्त्याला लागल्यावर नेटवर्क आलं. सगळ्यात आधी तिनं ठिपका चालू केला. मग घरी फोन. एंगेज. गाव येईपर्यंत एंगेज. चिखलानं माखलेल्या गाडीत ती ठिपक्याशीच बोलत होती, बघ ना म्हाताऱ्या, हा बघ, हलतोय, बघ ना.

स्वयंपाकघराचं दार सताड उघडं. फोनचा रिसीव्हर वायरीला लोंबकळत होता आणि टूं टूं करत होता. बिअरॉक फडक्यात तसेच. खुर्ची आडवी पडलेली. टॅब्लेट नव्हता, एल्डन नव्हता.

तो गॅरेजमध्ये सापडला, जुन्या ट्रकात, चालकाच्या जागेवर. घरातून तिथवर तो कसा गेला, किती वेळा पडला, हे त्याच्या कोपरांकडं बघून कळत होतं. किल्ली डाव्या हातात होती. किल्लीचं भोक स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, तिथं डावा हात नीट पोचत नाही, पोचला तर वळत नाही. भोकाभोवतीचा पत्रा ओरखडून ओरखडून पांढरा झाला होता. पँट ओली होती. शेजारच्या सीटवर, आर्डिसच्या जागेवर, टॅब्लेट उभा टेकवून ठेवला होता. घरातलं इंटरनेट गॅरेजपर्यंत पोचत नाही. त्या पडद्यावर नकाशा थिजून बसला होता, लाल मातीचा रस्ता, त्यावर आलेलं लाल वादळ, आणि जिथं ठिपका असायला हवा तिथं काही नाही.

"एल्डन, मी आले," ती म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं. डावा हात उचलला, तिच्या गालाला लावला, कानाला लावला, चिखलानं भरलेल्या केसांवरून फिरवला. खरी आहे ना, हे बघत होता. खात्री पटली तसा त्यानं हात काढून घेतला आणि तोंड समोरच्या काचेकडं वळवलं. ती वाट बघत होती त्या शब्दाची. कुठल्याही सुरातला चालला असता, शिवीसारखा आला असता तरी चालला असता. तो काही बोलला नाही.

त्याला धुऊन, पुसून, निजवून ती स्वयंपाकघरात आली तेव्हा फोनच्या यंत्रावर लाल दिवा लुकलुकत होता. जुनं यंत्र ते, फोन उशिरा उचलला तर दोन्हीकडचं बोलणं त्यात साठतं. तिनं बटण दाबलं.

"मिस्टर उनरू? टेलिफोनच्या पुस्तकात तुमचा नंबर मिळाला. मी कोर्टनी. आर्डिस तुमच्या कोण?"

"दक्षिण."

"सॉरी? सर, त्यांचा ठिपका अचानक गेलाय, टॉर्नेडोच्या अगदी वाटेवर. तुम्हाला काही कळलंय का?"

"दक्षिण. दक्षिण."

"सर, त्या दक्षिणेला आहेत का? आमच्या नकाशात तर उत्तरेला होत्या. सर, मला फार वाईट वाटतंय. या क्षणी तुमच्या मनात काय चाललंय, थोडक्यात सांगाल का?"

त्यानंतर एल्डनचा श्वास होता, बराच वेळ. मग एकदा, अगदी हळू, "दक्षिण". हा सूर आर्डिसनं कधी ऐकला नव्हता. त्यानंतरही फोन होते, वेगवेगळे आवाज, आणि प्रत्येक वेळी त्यानं उचलला होता. बहिणीचा असेल म्हणून उचलला होता. शेवटच्याला रिसीव्हर खाली आदळल्याचा आवाज होता.

आर्डिसनं कोर्टनीचा नंबर लावला. काय काय बोलायचं ते तिनं दातांखाली धरून ठेवलं होतं, आयुष्यभर बस चालवलेल्या बाईला शिव्या कमी येत नाहीत. पण पलीकडून पोरगी एकदम रडायलाच लागली. देवा, तुम्ही आहात, मिस उनरू, मी दुपारपासून जेवले नाही, मला वाटलं, मला वाटलं. खरं रडत होती हो, नाटक नव्हतं. आर्डिसच्या तोंडातल्या शिव्या तोंडातच राहिल्या. पोरीनं नाक ओढलं, श्वास घेतला आणि त्याच श्वासात विचारलं, "मग व्हिडिओ मिळाला का तुम्हाला?"

आर्डिसनं फोन ठेवला आणि टेबलाशी बसून गार बिअरॉक खाल्ला, कारण टाकून द्यायची सवय नव्हती.

मग तिनं जे करायला हवं होतं ते सगळं केलं, वरातीमागून घोडं म्हणतात तसं. ठिपक्यावरून नंबर काढून टाकला. मोबाइलचा नवा नंबर घेतला, तो फक्त वेदरवाल्यांना दिला. घरचा नंबर बदलला, पुस्तकातून नाव उडवलं. कोर्टनीचा नंबर बंद करून टाकला. घर असं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज अंगावर यायचा. एल्डनचा शब्द परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, दुसरा छोटा झटका येऊन गेला असेल, उरलंसुरलं गेलं असेल. असेलही. आर्डिसला मात्र पक्कं वाटायचं की तो रुसलाय, आणि एवढा एकच शब्द ज्याच्याजवळ आहे तो माणूस रुसला तर दुसरं काय राखून ठेवणार? ती मुद्दाम कॉफी गार करून द्यायची. तो गार कॉफी प्यायचा. हिवाळाभर दोघं एका टेबलाशी बसून जेवली आणि तिला इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. टॅब्लेट ती रोज त्याच्यापुढं उभा करायची. तो डाव्या हातानं पालथा घालायचा.

तिनं कानाला खडा लावला होता, आता पुन्हा जायचं नाही म्हणून. पण पुढच्या मेमध्ये एका सकाळी, दक्षिणेकडून दमट वारा सुटला होता आणि सकाळीच पोटऱ्यांना घाम फुटत होता, तेव्हा तिच्या ताटलीशेजारी किल्ली पडलेली होती. एल्डन खिडकीबाहेर बघत होता. तिनं विचारलं, जाऊ का? त्यानं मान हलवली नाही, हात झटकला नाही. किल्ली मात्र त्यानंच ठेवली होती, मर्ना तर अजून यायची होती.

ती गेली. त्या दिवशी गेली, पुढच्या आठवड्यात गेली. तिचा फोन एकदाही वाजला नाही. जन्मभर मागावी आणि मिळाली तर सोसू नये अशी ती शांतता होती. नकाशा स्वच्छ, मोकळा, वळणं ठळक. तिचा ठिपका त्यावरून चालायचा आणि तो बघायला जगात कुणी नव्हतं. एकदा तिला कोर्टनीचीसुद्धा आठवण झाली, अशी वेळ आली होती. सोंड दिसली त्या दिवशी तिनं रिवाजाप्रमाणे स्टेक मागवला, मधोमध कापला आणि चरबीची कड बांधून घरी आणली. एल्डननं ती खाल्ली नाही.

वाटेत गावागणिक ती थांबून घरी फोन करायची. मर्नाला सांगून ठेवलं होतं, त्यालाच उचलू दे. तो उचलायचा. श्वास ऐकू यायचा. ती सांगायची, मी आहे, अमुक गावापाशी आहे, ठीक आहे. लगेच खट. ठेवला.

जूनमध्ये कोल्डवॉटर गावाच्या पुढं एक वादळ उठलं. ती चौरस्त्याला गाडी लावून उतरली. गव्हाचं पिवळं रान, त्याच्यावर काळंनिळं आभाळ, तळाशी फिरणारा ढग. वेदरवाल्यांना कळवून झालं. मग तिनं घरी फोन लावला. उचलला गेला. श्वास.

"मी आहे, एल्डन. कोल्डवॉटरच्या पुढं. ठीक आहे."

ती खटची वाट बघत होती. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, इतके दिवस लाजेनं जे निघत नव्हतं ते.

"त्या दिवशी मी उत्तरेला होते. वळण चुकले, आणि ठिपका मीच बंद केला. मनोरा पडायच्या आधी, माझ्या हातानं. तुझी आठवण मला नंतर झाली."

पलीकडून घड्याळाची टिकटिक येत होती.

"आज दक्षिणेला आहे," ती म्हणाली. "बघ हवं तर."

तरीही खट झालं नाही. टेबलावर काही तरी सरकल्यासारखं वाटलं, जड, सपाट, आणि मग ते कशाला तरी टेकवून ठेवल्यासारखं. मर्ना लांबून काही म्हणाली. श्वास पुन्हा फोनजवळ आला, दमलेला. बोलला काहीच नाही. पण ठेवलाही नाही.

सोंड उतरत होती. आर्डिस गाडीत बसली, फोन शेजारच्या सीटवर बियांच्या पिशवीला टेकवला आणि आभाळाकडं बघत, वादळाच्या कडेकडेनं, हळू गाडी काढली. फोन चालू होता म्हणून त्याच्या पडद्यावर नकाशा झाकला गेला होता. तिनं तो तसाच राहू दिला.